ही हेलन कुठल्या पानावर आहे?

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

एम.ए.ला तुम्ही आम्हाला हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही अमेरिकन कादंबरी शिकवलीत, त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा आभार मानायचे राहून गेले. आज चारचौघांत मानते आहे, कारण इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकापर्यंत तुमची ती पद्धत पोहोचावी असं मनापासून वाटतं.

आम्ही बहुतेक जण मराठी माध्यमातले. कादंबरी म्हणजे गाईड, आणि गाईड म्हणजे पाठ केलेली दहा मार्कांची उत्तरं. मूळ पुस्तक न उघडताही पास होता यायचं. तुम्ही पहिल्याच तासाला सांगितलंत, ‘टिपणं नकोत, काहीतरी करून आणा.’ कुणी कादंबरीतल्या मेकॉम्ब गावाचा नकाशा काढला. एका मैत्रिणीने बुटांच्या खोक्यात झाडाची ढोली केली आणि घराबाहेर न पडणारा शेजारी बू रॅडली मुलांसाठी ठेवतो त्या वस्तू जमवल्या: च्युइंगम, सुतळीचा गुंडा, बंद पडलेलं घड्याळ, साबणाच्या दोन बाहुल्या. बाहुल्या तिने खरंच वडीतून कोरल्या होत्या. खोकं उघडलं की वर्गभर साबणाचा वास सुटायचा. पुढच्या आठवड्यात तिने तीच ढोली, कादंबरीत बुजवतात तशी, सिमेंटने बुजवून आणली. कुणी काही बोललं नाही.

खटल्याचा तास आठवतो? काळ 1930 च्या दशकातला, ठिकाण अलाबामा, काळ्या टॉम रॉबिन्सनवर एका गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा खोटा आरोप. टॉम झालेल्या मुलाचा डावा हात तुम्ही ओढणीने अंगाशी बांधलात, कारण टॉमचा तो हात लहानपणी सरकी काढायच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. मग मुलीचा बाप, डावखुरा बॉब युएल. त्या मुलाच्या डाव्या तळव्याला तुम्ही खडूची पूड लावलीत आणि त्याला त्या मुलीसमोर, म्हणजे मेयेलासमोर, उभं केलंत. त्याने हात नुसता टेकवला, तर पांढरा ठसा उमटला तिच्या उजव्या गालावर. कादंबरीतही मार उजव्याच बाजूला आहे. टॉमचा वकील ॲटिकस फिंच याची उलटतपासणी मी तीनदा वाचली होती. ती कळली मात्र त्या ठशात.

आणि ज्युरी निवडायची वेळ आली तेव्हा तुम्ही सगळ्या मुलींना मागे बसायला सांगितलंत. अलाबामात 1966 पर्यंत बायकांना ज्युरीत घेतच नसत. वर्गात मुलगे नऊ. त्यातले टॉम, युएल आणि वकील वजा केल्यावर बारा जणांच्या ज्युरीचं बाक अर्धं रिकामं राहिलं. तुम्ही ते तसंच ठेवलंत. मागच्या बाकावरून ते रिकामं बाक बघताना मला पहिल्यांदा त्या कोर्टाचा राग आला.

पण हे पत्र मुख्यतः माझ्या वहीसाठी आहे. मी टॉमच्या बायकोचं, हेलनचं, मनोगत लिहून आणलं होतं. चार पानं, नुसता आक्रोश, मराठी नाटकातल्या शेवटच्या अंकासारखा. मला ते फार आवडलं होतं. तुम्ही सगळं शांतपणे वाचलंत, तिसऱ्या पानावर लाल गोल केलात आणि शेजारी लिहिलंत: ‘ही हेलन कुठल्या पानावर आहे?’ नियम तुमचा सोपा होता. कल्पना हवी तेवढी करा, पण प्रत्येक कल्पनेसमोर समासात कादंबरीचा पान क्रमांक हवा.

मी पुस्तक घेऊन शोधत बसले. हेलन फार थोडी सापडते. ॲटिकस टॉमच्या मृत्यूची बातमी द्यायला येतो, तेव्हा तो तोंड उघडण्याआधीच ती मातीत कोसळते. पुढे तिला काम मिळतं, पण युएलचं घर वाटेत लागतं. सार्वजनिक रस्त्याने गेली तर त्या घरातून दगड येतात, म्हणून ती जवळजवळ मैलभर वळसा घालून कामाला जाते. सगळं मिळून मोजकीच वाक्यं. गाईडमध्ये त्यांचा उल्लेखही नव्हता.

ती वाक्यं वाचून मी वही मिटली, कारण माझी आईही वळसा घालून जायची. मळ्यावर जायला गावातून सरळ रस्ता होता, पण ती ओढ्याकाठाने जायची, पावसाळ्यात चिखलातूनसुद्धा. ती वाट मी लहानपणापासून बघत आले होते आणि कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री भाकरी थापताना तिला विचारलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली, आणि मग सांगितलं. काय सांगितलं ते आमच्या दोघींतच राहू दे.

दुसऱ्यांदा लिहिलेली हेलन एका पानाची झाली. ती रडत नाही, कुणाला शाप देत नाही. फक्त चालते, आणि वळसा कुठून सुरू करायचा ते ठरवते. समासात चार पान क्रमांक होते. तुम्ही लाल पेनाने काहीच लिहिलं नाहीत, फक्त वही परत देताना ‘आईला वाचून दाखव’ म्हणालात. ती कुणाची गोष्ट आहे हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

इंग्रजीतलं ते पान मी तिला मराठीत करून सांगितलं. ऐकून तिने एवढंच विचारलं, ‘मग तिला पुढं तो रस्ता मिळाला का?’

मिळाला, मॅडम. हेलनचा मालक एके दिवशी स्वतः तिच्याबरोबर चालत त्या घरावरून गेला. तेही पान शोधून मी आईला दाखवलं.

मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी