तारखेला जाता येत नसेल तर

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझा निरोप वाचला. ट्रेनिंग नेमकं कोर्टाच्या तारखेच्या आठवड्यात आलंय आणि ‘एक तारीख चुकली तर काय होतंय, वकील आहेतच ना’ असं तू लिहिलं आहेस. माझी सगळी नोकरी कोर्टात रोजनामा, म्हणजे रोजच्या कामकाजाची नोंद, लिहिण्यात गेली. त्यामुळे या वाक्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. ट्रेनिंग सोडू नकोस, पण हे नीट वाच.

‘वकील आहेतच ना’ हे तुझ्या काकांच्या वाटपाच्या दाव्यात चालेल. तो दिवाणी आहे, वकीलपत्र दाखल आहे, साक्षीची तारीख नसेल तर तुझ्या जागी वकील उभे राहिले तरी भागतं. ज्याची ही तारीख आहे तो अपघाताचा खटला मात्र फौजदारी आहे आणि त्यात तू आरोपी आहेस. तिथे आरोपीने स्वतः यायचं असतं. वकील त्याच्या वतीने बोलतात, त्याच्याऐवजी हजर राहत नाहीत. कोर्टाने त्या दिवसापुरती हजेरी माफ केली तरच गोष्ट वेगळी.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, सुरू झाला की पट्टेवाला दारात उभा राहून नाव पुकारतो. कोणी पुढे आलं नाही तर पुन्हा पुकारतो. मग साहेब, म्हणजे न्यायाधीश, वकिलांकडे बघतात. वकिलांच्या हातात कागद असेल तर रोजनाम्यात ओळ पडते, ‘आरोपी गैरहजर, माफीचा अर्ज दिला, मंजूर.’ कागद नसेल तर ‘आरोपी गैरहजर, अर्ज नाही.’ वॉरंटचा हुकूम बहुतेक वेळा त्या दुसऱ्या ओळीखालीच लिहिला जातो. दोन्ही आरोपी गैरहजरच असतात, त्यातला एक कळवून गैरहजर असतो एवढंच.

हा अर्ज म्हणजे कोर्टावर उपकार मागणं नव्हे. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५५ त्यासाठीच आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ३१७ होतं. नव्या कलमात व्हिडिओवरून हजर राहणं हीसुद्धा हजेरीच धरली आहे. त्यामुळे त्या कोर्टात तशी सोय आहे का, हे वकिलांना जरूर विचार. मात्र काही तारखांना माफी मागूच नये. दोषारोप वाचून ‘गुन्हा कबूल आहे का’ विचारतात तो दिवस, साक्षीदाराने आरोपीला ओळखायचा दिवस, पुरावा संपल्यावर आरोपीचा जबाब घेतात तो दिवस आणि निकालाचा दिवस. तुझी ही तारीख कशासाठी आहे, हे आधी विचारून घे. दोषारोपाची असेल तर ट्रेनिंगवाल्यांकडेच एका दिवसाची सुट्टी माग.

आता कारणांचं. ‘पुरेसं कारण’ कशाला म्हणायचं याची यादी कायद्यात कुठेच नाही. दवाखान्यात भरती असणं, घरातला मृत्यू, वाटेत अपघात, पुराने रस्ता किंवा रेल्वे बंद पडणं, त्याच दिवशी दुसऱ्या कोर्टात हजेरी, दुसऱ्या गुन्ह्यात तुरुंगात असणं, ही कारणं सहसा मानली जातात, कारण ती माणसाच्या हातातली नसतात आणि त्यांचा कागद मिळतो. परीक्षा किंवा ट्रेनिंग मधोमध येतं. आधी कळवलं, पत्र जोडलं तर एखाद्या तारखेला मिळून जातं. ‘रजा मिळाली नाही’, ‘विसरलो’, ‘गाडी चुकली’ यांना वजन नाही. वकिलांनी कळवलं नाही म्हणशील, तर १९८१ साली सुप्रीम कोर्टाने वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला होऊ नये असं म्हटलंय खरं, पण तो निकाल दिवाणी अपिलातला होता आणि पक्षकार स्वतः प्रकरणावर लक्ष ठेवत होता का, हा प्रश्न येतोच. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र नंबर, टाकला की पुढची तारीख दिसते, त्यामुळे ‘माहीतच नव्हतं’ म्हणणं आता आणखी अवघड झालंय.

समन्स मिळालं नाही हे खरोखर चांगलं कारण आहे, पण तुला ते नाही, कारण समन्स मीच सही करून घेतलंय. गंमत बघ, जुन्या संहितेत आरोपी घरी नसला तर फौजदारी समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाकडेच देता यायचं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि घरातलं कोणीही प्रौढ माणूस चालतं. इतकी वर्षं समन्स टाइप करायला बाई चालत होती, घ्यायला चालत नव्हती!

आणि एक. खोटं मेडिकल सर्टिफिकेट आणायचं मनातही आणू नकोस. दर तारखेला ताप येणारे आरोपी साहेबांच्या लक्षात राहतात. सर्टिफिकेटवर तारीख आदल्या दिवशीची, शाई ताजी, सोबत ना केसपेपर ना औषधाची पावती, हे टेबलाच्या अलीकडून लगेच दिसतं. आजारपणाच्या खोट्या कागदाने साधा गैरहजर माणूस नव्या गुन्ह्यात अडकू शकतो.

काहीच न कळवता राहिलास तर काय, हेही ऐक. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की साधारणपणे आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट (पकडलं तरी जामीन देऊन सुटता येतं) आणि तरीही माणूस येत नसेल तर अजामीनपात्र वॉरंट (पकडून थेट कोर्टापुढे आणतात) काढावं. पण जामिनावर सुटलेल्या माणसाने दांडी मारली की थेट अजामीनपात्र निघालेलंही मी लिहिलेलं आहे. वॉरंट आपोआप शिळं होत नाही. ते बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंत असतं, मधल्या काळात तू नोकरीत कितीही स्थिरावलास तरी. शिवाय जामिनावर असून पुरेशा कारणाशिवाय न येणं हा गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या नव्या न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याहून पुढे गेलं तर फरारी म्हणून जाहीरनामा आणि मालमत्तेची जप्ती. तुझ्यावर ती वेळ येणार नाही, म्हणून तो भाग सोडून देते.

मामाचा भाग मात्र सोडत नाही. तो तुझा जामीनदार आहे. तू आला नाहीस तर त्याने लिहून दिलेलं हमीचं बंधपत्र जप्त होतं आणि रक्कम का भरून घेऊ नये याची नोटीस त्याला जाते. आयुष्यात कधी कोर्टाची पायरी न चढलेला माणूस, भाच्यासाठी कागदपत्रं घेऊन सही करून आला. त्याने साहेबांसमोर उभं राहून तुझं कारण सांगावं, हे मला चालणार नाही.

समजा ऐनवेळी अडकलासच, तर पुकारा व्हायच्या आत वकिलांना फोन कर. प्रकरण दुपारनंतर पुकारायची विनंती ते करू शकतात. वॉरंटचा हुकूम झालाच तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी स्वतः हजर राहून वॉरंट रद्द करायचा अर्ज द्यायचा. आपणहून आलेल्या माणसाला कोर्ट थोडा खर्च किंवा नवा जातमुचलका, म्हणजे स्वतःच्या नावाची हमी, लावून बहुधा सोडतं. पोलिसांनी उचलून आणलेल्याशी बोलणं वेगळं असतं.

दिवाणीचं थोडक्यात. प्रतिवादी, म्हणजे ज्याच्यावर दावा लावलाय तो, आला नाही तर दावा एकतर्फी चालतो. मध्येच येऊन योग्य कारण दाखवलं तर पुन्हा सामील होता येतं. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे निकालाचा हुकूम, झाला तर तो रद्द करून घ्यायला ३० दिवस मिळतात, नंतर विलंब माफीचा वेगळा अर्ज आला. वादी, म्हणजे दावा लावणारा, आला नाही तर दावाच फेटाळला जाऊ शकतो, हे काकांना ठाऊक आहे म्हणून ते प्रत्येक तारखेला सर्वांत पुढच्या बाकावर बसलेले असतात. मुदती, म्हणजे पुढच्या तारखा, तरी किती मागणार? सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त देऊ नयेत असं दिवाणी संहितेत लिहिलंय. पाळलं किती जातं ते मला विचारू नकोस.

तर आता असं कर. ट्रेनिंगचं पत्र, त्यावरच्या तारखा आणि तिकीट यांचे फोटो वकिलांना पाठव. माफीचा अर्ज त्यांना आजच तयार करायला सांग आणि त्यात ‘पुढच्या तारखेस न चुकता हजर राहीन’ हे वाक्य घालायला सांग. अर्ज मंजूर झाला का ते संध्याकाळी ॲपवर बघ, आणि पुढची तारीख मामालाही कळव.

तुझी,
आई