ऑपरेशननंतरच्या वर्षांसाठी वर्गणी

संपादक महोदय,
स. न.

नारळीवरून पडलेला, बांधकामाच्या परांचीवरून घसरलेला किंवा दुचाकीवरून फेकला गेलेला माणूस मणका मोडून रुग्णालयात पोहोचला, की गाव धावून येतो. दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड फिरतो, मंडळाचे पावतीपुस्तक निघते, मुंबईचे चाकरमानी पैसे पाठवतात. पण हा पैसा बहुतेक सगळा पहिल्याच महिन्यात अतिदक्षता विभाग आणि मणक्यात रॉड-स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया यांवर संपतो. त्या शस्त्रक्रियेने मणका स्थिर होतो, त्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूवरचा दाब कमी होतो. चिरडलेला मज्जारज्जू मात्र तिने पुन्हा जुळत नाही. हे वर्गणी देणाऱ्याला कुणी सांगितलेले नसते. माणूस घरी येतो तेव्हा कमरेखाली हालचाल नाही, जाणीव नाही, लघवी-शौचावर ताबा नाही, आणि जमलेले पैसेही संपलेले.

अशी इजा झालेला माणूस नीट काळजी मिळाली तर कित्येक दशके जगतो. आपल्याकडे तो अनेकदा जातो तो एकाच जागी दाब पडून झालेल्या जखमांतून रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्याने. दोन्ही टाळता येते. त्यासाठी एकरकमी लाखो रुपये लागत नाहीत. थोडे पैसे लागतात, पण ते दर महिन्याला, न चुकता. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या बैठका सुरू होत आहेत म्हणून मंडळांना आमची विनंती आहे: एका व्यक्तीची एका वर्षाची जबाबदारी घ्या. शंभर घरांनी महिन्याला ५० रुपये दिले तर महिन्याचे ५,००० आणि वर्षाचे ६०,००० होतात. दर महिन्याला दारोदार फिरू नका, चौथ्या-पाचव्या महिन्यात देणारे आणि मागणारे दोघेही थकतात. वर्षाचे ६०० एकदमच घ्या आणि बँकेला दरमहा ठरावीक रक्कम काढण्याची स्थायी सूचना द्या.

हे पैसे कशाला लागतात ते नेमके सांगतो.

पहिली गरज लघवीची नळी. कायमची नळी घालून पिशवी लावून ठेवणे सोपे वाटते, पण त्यात संसर्ग आणि मूत्राशयात खडे होण्याचा धोका मोठा. म्हणून शक्य असेल तिथे दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी लगेच काढायची, ही पद्धत शिकवतात. दिवसातून पाच वेळा म्हटले तरी महिन्याला १५० वेळा. दर वेळी नवी नळी परवडत नाही, म्हणून तीच धुऊन, वाळवून, झाकणाच्या डब्यात ठेवून वापरली जाते. ती किती दिवस चालवायची हे डॉक्टरांना विचारावे. पैसे संपले की कुटुंबे नेमकी इथेच काटकसर करतात. नळी तुटेपर्यंत वापरतात, जेली न लावता घालतात, नळी कमी वेळा घालावी लागावी म्हणून पाणी कमी पितात. मग थंडी वाजून ताप येतो, पुढे लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते. मंडळाने गावातल्या औषध दुकानाशी बोलून नळ्या, जेली आणि शौचासाठी लागणारे हातमोजे व सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) यांचे महिन्याचे बिल परस्पर भरावे. वर्षातून निदान एकदा सोनोग्राफी आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणीही याच पैशातून व्हावी.

दुसरी गरज कातडीची. दाबाखालच्या भागाला रक्त पोहोचत नाही, आणि दुखत नसल्याने माणसाला ते कळत नाही. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचे किंवा एक-दोन मिनिटे पुढे झुकून बसायचे. माकडहाड, बसण्याची हाडे, खुबे आणि टाचा सकाळ-संध्याकाळ आरशात पाहायच्या. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून तिथे हात लावून गरम किंवा कडक लागते का तेही बघावे. डाग दिसला तर तो जाईपर्यंत त्या भागावर भार द्यायचा नाही. एक खोल जखम माणसाला कित्येक महिने पालथे झोपायला लावते आणि वर्षभराची वर्गणी एका झटक्यात संपवते.

देणगी म्हणून हमखास येते ती पंपाची एअर मॅट्रेस. ती चांगलीच, पण पावसाळ्यात तासन् तास वीज जाते तेव्हा गादीतली हवा उतरते आणि माणूस फळीवर झोपल्यासारखा होतो. तिच्याखाली चार इंची फोमची गादी हवीच. जमले तर छोटा इन्व्हर्टरही द्यावा. आणि ती आहे म्हणून कूस बदलणे थांबवायचे नाही. रबरी रिंग मात्र कुणी देऊ नये. तिच्या काठावर दाब येतो, मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो आणि जखम वाढते. गरम पाण्याची पिशवीसुद्धा नको. जाणीव नसलेल्या पायाला भाजल्याचे कळते ते फोड आल्यावर.

व्हीलचेअरबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मंडळांचा सर्वाधिक पैसा तिच्यात जातो आणि सर्वाधिक वायाही तिथेच जातो. कार्यक्रमात एकाच मापाच्या वीस खुर्च्या वाटल्या जातात, फोटो निघतात. त्या असतात रुग्णालयात रुग्णाला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात ढकलत नेण्यासाठीच्या. बारीक अंगाचा माणूस रुंद खुर्चीत एका बाजूला कलतो, पाठीला बाक येतो, एका खुब्यावर भार पडून जखम होते. बैठकीची रुंदी नितंबांच्या रुंदीपेक्षा दोन-अडीच सेंटीमीटरच जास्त असावी. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन बोटांची फट राहावी. पायठेवणी इतक्या उंचीवर असावी की मांड्या गादीला पूर्ण टेकतील. हात टेकायचे दांडे निघणारे हवेत, नाहीतर खुर्चीतून खाटेवर सरकता येत नाही आणि दर वेळी दोघांनी उचलावे लागते. गादीशिवाय खुर्ची देणे म्हणजे जखम देणे. लाल मातीच्या, चढउताराच्या वाडीत पुढची लहान चाके रुततात. तिथे पुढे एकच मोठे चाक असलेली लांब बांध्याची तीनचाकी खुर्ची बरी चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली साध्या व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत माप घेणे, बसवून पाहणे, वापर शिकवणे आणि नंतरची दुरुस्ती हे खुर्ची देण्याचेच भाग मानले आहेत. वीस खुर्च्यांच्या पैशात मापाच्या पाच घ्या आणि प्रत्येकीसोबत दोन ट्यूब, पुढच्या चाकांचे बेअरिंग आणि ब्रेकचा एक संच द्या. गावातल्या सायकलवाल्याला एकदा दाखवले की तो हे सगळे बदलू शकतो.

खुर्ची आली आणि दाराला अडली, असेही होते. खुर्ची आत जायला दाराची मोकळी रुंदी ३२ इंच लागते. घरातल्या शौचालयाचे दार बहुधा दोन ते अडीच फुटांचे असते. खुर्ची घरात चढवायच्या उतरणीचे (रॅम्पचे) प्रमाण १ ला १२, म्हणजे दीड फूट उंच ओटीला १८ फूट लांब उतरण. अंगणात एवढी जागा नसेल तर ती मध्ये सपाट भाग ठेवून वळवावी. ‘जमेल तेवढी’ तीव्र उतरण बांधली तर खुर्ची मागे उलटते. हे काम गावातले गवंडी श्रमदानाने करू शकतात, त्यामुळे वर्गणी फक्त सिमेंट-वाळूला लागते.

ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर आहे, त्यांना आणखी एक धोका असतो. मूत्राशय तुंबले, नळी मुडपली की रक्तदाब एकाएकी चढतो, डोके फुटल्यासारखे दुखते, चेहऱ्याला घाम फुटतो. अशा वेळी आडवे करू नये. बसते करावे, कपडे सैल करावेत, नळी तपासून लघवी काढावी. आराम पडला नाही तर ताबडतोब रुग्णालय. हे चार ओळींत छापून खाटेजवळ लावायला मंडळाला कितीसा खर्च?

आता जिथे वर्गणी जाऊ नये ती जागा. ‘स्टेम सेल’ने (मूळ पेशींच्या उपचाराने) पुन्हा चालता येईल असे सांगून कुटुंबाकडून लाखो रुपये मागितले जातात आणि गाव ते जमवूनही देतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेसाठी हा मान्य उपचार नाही. तो फक्त रीतसर मंजूर झालेल्या चाचणीत देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून पैसे मागितले जात असतील तर मंडळाने तिथेच थांबावे. त्याच पैशात हाजी अलीजवळच्या केंद्र सरकारच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी जाण्या-राहण्याचा खर्च भागतो आणि माणूस स्वतः नळी घालायला, खुर्चीत सरकायला शिकून येतो. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, ती स्वतः व्हीलचेअरवरून. कमाईपर्यंतचा रस्ता महाराष्ट्राने पाहिलेला आहे.

जे सरकारकडून मिळते त्यावरही वर्गणी खर्चू नये. भरती होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या प्रतिनिधीला) गाठून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते का ते विचारावे. भरलेले बिल नंतर परत मिळत नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. उतरण, कमोडची खुर्ची यांची मागणी ग्रामसभेत लेखी करावी. वाहन अपघात असेल तर भरपाईचा दावा सहा महिन्यांत दाखल करायचा असतो, आणि ते दिवस रुग्णालयातच निघून जातात. मंडळातल्या एखाद्याने पहिल्या आठवड्यातच एफआयआरची प्रत आणि वाहनाच्या विम्याचा तपशील मिळवावा.

पैशाची शिस्त हवी. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. अर्जात हा उद्देशही लिहावा. मदत नोंदणीकृत न्यासामार्फत गोळा केली तर देणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत मिळू शकते, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही. परदेशातल्या आप्तांपैकी भारतीय पासपोर्ट असलेल्यांचे पैसे चालतात. ज्यांनी तिथले नागरिकत्व घेतले आहे त्यांचे पैसे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय मंडळाच्या खात्यात घेऊ नयेत. आवाहनात रक्कम, ती कशासाठी आणि शेवटची तारीख स्पष्ट लिहावी, नाहीतर तोच संदेश तीन वर्षांनीही फिरत राहतो. जखमांचे, उघड्या अंगाचे फोटो तर मुळीच टाकू नयेत. ते कायमचे राहतात, आणि त्या माणसाला उद्या त्याच गावात दुकान चालवायचे असते, मुलीच्या शाळेत जायचे असते.

आणि हिशेब ठरवायच्या पहिल्या बैठकीला त्या व्यक्तीला बोलवा. काय आधी हवे, खुर्ची की गादी की शौचालयाचे दार, हे तिनेच सांगायचे. बैठक पायऱ्या नसलेल्या जागी घ्या, आणि नळी घालायची वेळ होण्याआधी आटपा.

— मज्जारज्जू इजाग्रस्तांच्या पुनर्वसनात काम करणारे फिजिओथेरपिस्ट, परिचारिका व कार्यकर्ते, रत्नागिरी जिल्हा