वाडीपलीकडच्या काकांस

तीर्थस्वरूप काकांस,
सादर नमस्कार.

हे पत्र जाहीर लिहितो आहे, कारण तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही पंपाच्या वायंडिंगवर घसरता. या सुट्टीत घरी आल्यावरही तेच झालं. ओट्यावर बसून मी कुठे सुरुवात केली, तर तुम्ही मला यंदा बावखलात, म्हणजे वाडीच्या तळ्यात, पाणी किती राहिलंय ते दाखवायला घेऊन गेलात. तेव्हा आता हे पत्र तुमच्या सूनबाई मोबाइलवरून वाचून दाखवतील. मध्येच उठलात तर त्या पुन्हा पहिल्यापासून वाचतील, असं आमचं ठरलं आहे.

मला मिशनकार्यासाठी जपानला पाठवायचं ठरलं तेव्हा घरात काय वातावरण होतं ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या गासच्या चर्चला नावच संत गोन्सालो गार्सियांचं. हा वसईचा मुलगा जपानला गेला आणि 1597 साली नागासाकीला क्रुसावर चढला, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे जो तो येऊन मला म्हणायचा, ‘वा, गोन्सालोच्या वाटेने निघालास!’ आणि आत चुलीपाशी आई पदर डोळ्याला लावायची. तिच्या मनात त्या वाटेचा शेवट होता. तिची समजूत ना आमच्या प्रमुख धर्मगुरूंना काढता आली ना मला. ती तुम्ही काढलीत. ‘वहिनी, चारशे वर्षं झाली त्याला. आता त्याच जपान्यांची बुलेट ट्रेन आपल्या विरारवरून जायचीय. आपल्या माणसाला कशाला हात लावतील?’ मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणालात, ‘तिथं कोणी मोठा साहेब भेटला तर जमिनीच्या मोबदल्याचं तेवढं विचार.’ साहेब काही भेटला नाही, काका. त्यांची गाडी मात्र वेळेवर येते, आमच्या विरार लोकलसारखी नाही.

पण आभार मानायचे आहेत ते वाडीपासून. बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिलेला, ताई लग्न होऊन नाशिकला, आणि मी हा असा. आमची वाडी कोणातरी बिल्डरच्या दलालाच्या नजरेत भरायला तेवढं पुरेसं होतं. वसईच्या वाड्या बिल्डरांपासून वाचवायच्या हरित वसई आंदोलनात बाबा आणि तुम्ही बरोबरीने मोर्चात चालला होतात. तिथपासूनची तुमची मैत्री आणि तिथपासूनची ही धास्ती. तुम्ही काही बोलला नाहीत. आपल्या केळीला पाणी सोडलंत की तेच पाणी आमच्या बाजूला वळवायला लागलात. राजेळीचे घड उतरवले, पानवेल सावरली, आणि पहाटेच्या गाडीने दादरला जाणाऱ्या तुमच्या फुलांच्या करंड्यांत आमचा चाफाही जायला लागला. दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर यायचा. चाफा इतका, केळी इतकी, मजुरी वजा, वीज वजा, आणि खाली तुमची सही. एका पानावर ‘उंदरांनी खाल्ली’ म्हणून अर्धा घडही लिहिलेला होता! मी तुम्हाला हिशेब मागितला नव्हता. पण ते पान आलं की तिकडे बर्फ उपसताना मला वाटायचं, घर जागेवर आहे.

तुम्ही रोज पूजा करणारे, एकादशी धरणारे. माझ्या गुरुदीक्षेच्या दिवशी वेदीवरचा सगळा चाफा तुमच्या वाडीतला होता आणि त्याचे पैसे तुम्ही आजतागायत घेतलेले नाहीत. आपल्याकडे आम्ही कुपारी ख्रिस्ती काय आणि तुम्ही सामवेदी ब्राह्मण काय, दोघांची घरची बोली कादोडीच, त्यामुळे आईला तुमच्याशी बोलताना कधी जीभ बदलावी लागली नाही. हे मी इथल्या लोकांना सांगत नाही, त्यांना माहीत आहे. जपानमध्ये सांगितलं तेव्हा मात्र माझ्या धर्मग्रामातल्या, म्हणजे चर्चच्या पॅरिशमधल्या, एक आजीबाई बराच वेळ मान हलवत राहिल्या.

मग ते बाबांचं पडणं. न्हाणीत पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. नेमका आमचा पवित्र आठवडा सुरू होता. तुम्ही रिक्षा नाकारून रुग्णवाहिका बोलावलीत, कारण ‘हाड हलता कामा नये’. अनामत भरलीत. ताई नाशिकहून निघाली होती, पण डॉक्टरांना ऑपरेशनसाठी सही लगेच हवी होती. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात तुम्ही लिहिलंत, ‘भाऊ’. ताई सांगते, खिडकीतल्या बाईंनी दोन्ही आडनावं वाचली, तुमच्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. ती पोचली तेव्हा तुम्ही थिएटरच्या दाराशी बाकावर बसला होतात आणि तुमच्या सदऱ्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेली बाबांची कवळी होती. परक्याची कवळी कोणी खिशात घालून बसतं का, काका?

आणि हे सगळं मला कळलं ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही आणि बाबांनी मिळून ठरवलं होतं की पोराला सणात सांगायचं नाही. मी फोनवर आवाज चढवला तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘तू तिथून काय करणार होतास? विमानात बसून रडला असतास.’ बरोबर असेल. तरी या एका गोष्टीचे आभार मी मानत नाही. मला सांगायला हवं होतं. शुभ शुक्रवारी मी दुःखसहनावर लांबलचक प्रवचन केलं आणि माझा बाप वॉकर धरून पहिलं पाऊल टाकत होता, हे मला अजून सलतं. पुन्हा असं काही झालं तर आधी मला फोन करायचा. हे वाक्य सूनबाईंनी दोनदा वाचावं.

आता तिकडचं थोडं, कारण त्याचा तुमच्याशी संबंध आहे. सुट्टीत भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘किती जणांना बाप्तिस्मा दिलास?’ तुम्ही एकट्याने विचारलंत, ‘तिथं जेवायला कोणी बोलावतं का?’ जपानमध्ये सगळे पंथ धरले तरी ख्रिस्ती शंभरात एखादा. कॅथलिक तर अर्धा टक्कासुद्धा नाहीत. नाताळची सुट्टीदेखील नसते. रविवारच्या मिस्सेला पुढच्या बाकांवर जपानी म्हातारी माणसं आणि मागे व्हिएतनाम, फिलिपिन्सहून कारखान्यांत आलेली पोरं. जेवायला फारसं कोणी बोलावत नाही, तशी तिथली रीत नाही. पण त्या आजीबाई स्वतःच्या परसातले मुळे पिशवीत घालून माझ्या दाराच्या कडीला अडकवतात आणि बेल न वाजवता निघून जातात.

या मागच्या बाकांवरच्या पोरांना तिथे ‘जिस्शूसेई’ म्हणतात, म्हणजे काम शिकायला आलेले. प्रत्यक्षात ते कामच करतात. 1993 पासूनची ही योजना. तिच्यातला मोठा दोष असा की मालक कसाही निघाला तरी आपण होऊन बदलता येत नाही. ती बंद करून नवी पद्धत आणायचा कायदा 2024 मध्ये झाला, अंमल 2027 पासून व्हायचा आहे. तोवर त्यांची कागदपत्रं, नगरपालिकेच्या खेपा, पगाराच्या पावत्या, कुठला कचरा कुठल्या वारी, हे सगळं करायला चर्चमधला मी. गुरुविद्यालयात शिकलेलं तत्त्वज्ञान त्यात फारसं कामी येत नाही. कांजी या जपानी अक्षरांचे तक्ते येतात.

त्यांतल्या एकाचं बोट प्रेसमध्ये सापडलं. उजव्या हाताची तर्जनी, वरचं पेर गेलं. तिकडे दवाखान्यात दाखल होताना जामीनदाराची सही मागतात. कंपनीचा माणूस यायला वेळ होता आणि पोरगा थरथरत होता, हात दुखतो म्हणून कमी आणि आता परत पाठवतील म्हणून जास्त. मी सही केली. मग दाराबाहेरच्या बाकावर बसलो आणि बसल्यावर लक्षात आलं की त्याचा मोबाइल, पाकीट आणि गळ्यातली माळ माझ्या खिशात आहे. तेव्हा तुमचीच आठवण झाली. कामावरच्या अपघाताचा विमा या पोरांनाही लागू असतो, पण हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. ते सांगितल्यावर तो पहिल्यांदा पाणी प्याला. मग म्हणाला, आईला कळवू नका. इथे मात्र मी तुमचं ऐकलं नाही. व्हिडिओ कॉल लावायलाच लावला. बाई आधी रडली, मग त्याला रागावली, आणि मग माझ्याकडे वळून बराच वेळ काहीतरी बजावत राहिली. त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण मी प्रत्येक वाक्याला हो म्हटलं.

नागासाकीलाही जाऊन आलो. निशिझाका टेकडीवर सव्वीस हुतात्म्यांचं 1962 चं स्मारक आहे, ब्राँझचे सव्वीस जण ओळीने. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक आपला वसईकर. आपल्याकडे सणाला त्यांचं मरण सांगतात. क्योतोहून नागासाकीपर्यंत भर थंडीत चालवत नेलं, कानाची पाळी कापली, हे सगळं. मला तिथे उभं राहून वाटलं, त्याआधीचं कोणी का सांगत नाही? 1593 साली मनिलाहून फ्रान्सिस्कन संन्यासी जपानला आले तेव्हा त्यांच्यात जपानी भाषा येणारे हे आपले गोन्सालोच. दुभाष्याचं काम त्यांचं. क्योतोत त्या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं चालवली. म्हणजे रोजचं काम हेच असणार: याचं त्याला सांग, त्याचं याला सांग, आजाऱ्यापाशी बस. आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, ‘मग हे आधी का नाही सांगितलंस?’

बाबा आता काठी घेऊन बांधापर्यंत येतात. तुम्ही त्यांना फावडं हातात घेऊ देत नाही अशी त्यांची तक्रार आहे. ती तशीच राहू द्या.

राहिलं पैशाचं. इस्पितळाची अनामत ताईने परत केली, ती तुम्ही कुरकुरत का होईना घेतलीत. पण तुमच्या मीटरवरून आमच्या वाडीला इतकी वर्षं जे पाणी गेलं, त्याच्या विजेतला आमचा वाटा तुम्ही वहीत निम्मासुद्धा लावलेला नाही. मी तुमची वायरमनकडची बिलं पाहिली आहेत. उरलेली रक्कम पाकिटात घालून बाबांकडे दिली आहे. घेतली नाहीत, तर येत्या कार्तिकात निर्मळच्या यात्रेला तुम्ही निघालात की आई ती तुमच्या देवघरात ठेवून येणार आहे, आणि चावी तिच्याकडे तुम्हीच दिलेली आहे.

तुमचा,
वाडीअलीकडचा फादर