रपेट नव्हे, उपचार

दिव्यांग मुलांच्या अश्वोपचारावरील, म्हणजे घोड्याच्या चालीचा उपयोग करून दिल्या जाणाऱ्या उपचारावरील, रविवार पुरवणीतील लेख वाचला. या विषयाची दखल घेतली हे उत्तमच. पण ‘घोड्यावर बसवा, मूल चालू लागेल’ हा त्याचा सूर पटला नाही. घोडा संथ चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि दोन्ही बाजूंना हलते. माणूस चालताना ती जवळपास अशीच हलते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडण्याचा विकार) असलेल्या मुलाला तोल सावरण्याचा, धड ताठ ठेवण्याचा सराव त्यातून मिळतो. कात्रीसारखे आवळलेले पाय काहीसे सैलावतात. मूळ आजार मात्र बरा होत नाही.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय लुळे असूनही त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये अश्वारोहणातील ड्रेसेज (घोड्याकडून नेमक्या, तालबद्ध चाली करून घेण्याच्या) प्रकारात रौप्यपदक मिळवले. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना मदत लागे, हे पदकाच्या कौतुकात विसरले जाते.

अश्वोपचारातही प्रश्न मदतीचाच आहे. लगाम धरणारा एक, दोन्ही बाजूंना आधार देणारे दोघे आणि मुलाची बैठक पाहून घोड्याची चाल बदलायला सांगणारा फिजिओथेरपिस्ट. चौपाटीवरच्या फेरीत यातला घोडेवाला तेवढा असतो! खुब्याचा सांधा निखळलेला असेल किंवा फिट्स आटोक्यात नसतील, तर अशी फेरी धोक्याचीच. संस्थांनी घोडे घेण्याआधी माणसे तयार करावीत आणि पालकांनीही पैसे भरण्याआधी फिजिओथेरपिस्ट कोण, हे विचारावे.

– एक वाचक, पुणे