ताई, त्या दोन वह्यांसाठी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि कंबोडिया असा 47 दिवसांचा प्रवास करून आम्ही दोघं गेल्या आठवड्यात सुखरूप घरी आलो. फोनवर सगळं सांगून झालं, आभार मानायचे मात्र राहिले. ते इथे सगळ्यांसमोर मानतेय, कारण लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक जोडप्याला तुमच्यासारखं कुणीतरी भेटायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीआधी ह्यांची फाइल घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो होतो. तिकिटं, हॉटेलं, विमा, सगळं तारखेवार लावलेलं. तुम्ही ती चाळलीत, बाजूला ठेवलीत आणि मला विचारलंत, "वाटेत ह्यांना काही झालं, तर तू एकटी घरी येऊ शकशील?" खरं सांगते, वाईट वाटलं. निघण्याआधीच असलं अभद्र कशाला, असंही मनात आलं. पण माझा पासपोर्ट ह्यांच्या पाऊचमध्ये जाणार होता, ईमेलचा पासवर्ड ह्यांनाच ठाऊक होता आणि विम्याचा कागद फाइलीत कुठे आहे तेही मला सांगता येईना. मग तुम्ही ह्यांच्याकडे वळलात. "हिच्या गोळ्यांची नावं सांगा बघू." ह्यांनाही सांगता आली नाहीत.

तुम्ही दोन कोऱ्या वह्या पुढे केल्यात. ज्याने त्याने आपली वही आपल्या हाताने लिहायची. पासपोर्ट आणि व्हिसाचे नंबर, विमा कंपनीचा मदतीचा फोन, पॉलिसी नंबर, कुठल्या रात्री कुठे मुक्काम. माझ्या वहीत ह्यांची औषधं, ह्यांच्या वहीत माझी, आणि तीही दुकानातल्या नावांनी नाही, आतल्या घटकांच्या नावांनी. पासपोर्ट, कार्ड, सिम ज्याचं त्याच्याकडे. डॉलर निम्मे-निम्मे, आणि नोटा कोऱ्या करकरीत, कारण कंबोडियात फाटकी किंवा लिहिलेली नोट कुणी घेत नाही.

लिहिता लिहिताच एक मोठी चूक सापडली. हनोईहून खाली सायगावला (म्हणजे हो ची मिन्ह सिटीला) उतरायचं, तिथून बसने कंबोडियात जायचं आणि परतीच्या विमानासाठी पुन्हा सायगावला यायचं, असा आमचा बेत. म्हणजे व्हिएतनाममध्ये दोनदा प्रवेश. ह्यांनी ई-व्हिसाचा फॉर्म एकाच प्रवेशाचा भरायला घेतला होता. एकाचे 25 डॉलर, अनेक प्रवेशांचे 50. वाचलेल्या 25 डॉलरसाठी आम्ही सीमेवर अडकलो असतो. फाइलीत हे दिसलं नव्हतं, कारण तिथे प्रत्येक देश वेगळ्या कप्प्यात होता. वहीत दिवसामागून दिवस लिहिताना सायगाव दुसऱ्यांदा आलं, आणि तुम्ही तिथे बोट ठेवलंत.

दर आठवड्याला एक दुपार वेगवेगळे फिरा, हे तुमचं सांगणं मला तेव्हा विचित्रच वाटलं होतं. लाओसमधल्या हुआय साईहून लुआंग प्राबांगला जाणाऱ्या संथ बोटीत दोन दिवस शेजारी शेजारी बसल्यावर ते पटलं. (रात्री बोट पाकबेंगला थांबते.) दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एकमेकांशी अगदी क्षुल्लक कारणावरून भांडलो. लुआंग प्राबांगला पोचल्यावर हे एकटे कुआंग सीच्या धबधब्यावर गेले, मी मेकाँगच्या काठी चहा घेऊन बसले. संध्याकाळी भेटलो तेव्हा एकमेकांना सांगायला केवढं तरी होतं! इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही असं वेगळं फिरून पुन्हा भेटलोच नव्हतो.

व्हिएतनाममध्ये 'चाय' (म्हणजे चहा नव्हे, शाकाहारी) या शब्दावर माझं सगळं शाकाहारी जेवण निभावलं. आपल्याकडे एकादशी, तसं तिथे कित्येक जण चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय खातात. तिथे 20 हजार डाँगची आणि 5 लाख डाँगची (डाँग म्हणजे तिथलं चलन), दोन्ही नोटा निळ्या असतात, हेही तुम्ही आधीच बजावलं होतं.

आणि मग कंबोडियातलं सिएम रीप. तिथल्या अंगकोरच्या देवळांचा पास एक दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62. तीन दिवसांचाच घ्या, तो दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतो, असं तुम्ही म्हणाला होतात. पहिला दिवस छान गेला. त्या रात्री दोन वाजता ह्यांना उलट्या सुरू झाल्या, अंगात सणकून ताप. फोन हातात धरायचीही ह्यांना ताकद नव्हती. मी माझी वही उघडली. आधी विमा कंपनीला फोन केला, त्यांनी सांगितलेल्या दवाखान्याचं नाव हॉटेलच्या मुलाकडून तिथल्या ख्मेर भाषेत लिहून घेतलं आणि टुकटुकवाल्याला दाखवलं. डॉक्टरांनी चालू औषधं विचारली तेव्हा मेटफॉर्मिन 500, टेल्मिसार्टन 40 असं लिहिलेलं पान पुढे केलं. दोन रात्री सलाइन लागलं. हात थरथरत होते माझे, पण पुढे काय करायचं हे प्रत्येक वेळी ठाऊक होतं.

सहाव्या दिवशी, पास शिल्लक होता म्हणूनच, आम्ही पुन्हा अंगकोर वाटला गेलो. पूर्वेकडच्या ओवरीत दगडात कोरलेलं समुद्रमंथन आहे. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर आणि मधे ताणलेला वासुकी. हे भिंतीच्या आधाराने हळूहळू चालत होते. मधेच थांबून त्यांनी माझ्या गोळ्यांची नावं एकामागून एक म्हणून दाखवली. एकही चुकलं नाही. मला तिथेच रडू आलं, ताई.

चार देश जास्त होतील, हेही तुम्ही म्हणाला होतात. खरं होतं. लाओसच्या राजधानीतले, व्हिएन्टिआनचे, दोन दिवस आम्ही नुसते दमून काढले. पुढच्या वेळी दोनच देश करू.

धाकटे दीर आणि जाऊबाई मे महिन्यात युरोपला निघालेत. सगळे कागद भाऊजींच्या एकाच फाइलीत आहेत. रविवारी सकाळी दोघांना तुमच्याकडे घेऊन येऊ का? कोऱ्या वह्या मी आणते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची धाकटी बहीण