रेषा खांद्यातून, बिंदू कागदाबाहेर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा (एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट) जवळ आल्या की शाळांतून आणि क्लासेसमधून मुलांच्या हातात थेट रंगपेटी दिली जाते. एलिमेंटरीच्या वस्तुचित्रातला तांब्या शेडिंगने मस्त चकाकतो, पण त्याचे तोंड एकीकडे बघते आणि बूड दुसरीकडे. चुकलेली रेषा रंगाखाली झाकता येते, दुरुस्त होत नाही. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या कोल्हापुरात तरी निदान पहिला महिनाभर रंगपेटी बंद ठेवायला हरकत नसावी.

नवशिक्याची रेषा केसाळ येते, कारण तो पेन्सिल लिहायला धरतो तशी टोकाजवळ धरतो, मनगट कागदावर टेकवतो आणि तुकड्यातुकड्याने पुढे सरकतो. मनगट टेकलेले असले की हात कंपाससारखा फिरतो, म्हणून लांब रेषा शेवटी हटकून वाकते. पेन्सिल टोकापासून चार-पाच सेंटिमीटर मागे धरावी, करंगळीचे नख कागदावरून नुसते घसरू द्यावे आणि हात खांद्यातून हलवावा. बोर्ड मांडीवर तिरका ठेवला तर हे आपोआप जमते. टेबलावर सपाट ठेवल्यास वरचा भाग तिरका दिसतो आणि चित्र लांबट होते.

सराव असा: दहा-बारा सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके द्यायचे. पेन्सिल कागदाला न टेकवता दोन-तीनदा हवेत फिरवायची, नजर पेन्सिलीच्या टोकावर न ठेवता पोहोचायच्या ठिपक्यावर ठेवायची आणि एका दमात रेषा ओढायची. रेषा ठिपक्याच्या पुढे गेली तर जाऊ दे. वाकडी आली तरी तिच्यावर दुसरी रेषा गिरवायची नाही, शेजारी नवीन काढायची. आडव्या, उभ्या आणि तिरक्या प्रत्येकी वीस, रोज पंधरा मिनिटे. पाठकोरे कागद किंवा रद्दी पेपर आणि स्केचपेन पुरे. रबर दप्तरातच राहू द्यावा. खोडता येणार आहे हे माहीत असले की हात बेफिकीर होतो. फार सावकाश ओढलेली रेषा थरथरते, हेही मुलांना सांगावे लागते. ती काळजीपूर्वक म्हणजे हळू असेच समजतात.

आता त्या तांब्याकडे वळू. त्याचे तोंड मुले भोपळ्याच्या बीसारखे दोन्हीकडे टोकदार काढतात आणि बूड सपाट टेबलावर आहे म्हणून सरळ रेषेत. दोन्ही चूक. तिरके बघितले की गोल तोंड लंबवर्तुळ दिसते आणि लंबवर्तुळाला टोक कुठेच नसते, कडेलाही ते वळूनच जाते. आणि वर्तुळ नजरेच्या पातळीपासून जितके खाली, तितके ते जास्त उघडे दिसते. म्हणजे रुंदीच्या मानाने बुडाची गोलाई तोंडापेक्षा जास्त हवी. तांब्या काचेचा आहे असे धरून बुडाचे मागचे, न दिसणारे अर्धवर्तुळही फिकट काढून बघावे. चूक लगेच डोळ्यात भरते.

यथार्थदर्शन, म्हणजे जवळचे-लांबचे जसे दिसते तसे काढणे, शिकवताना लोपबिंदूपासून (मागे जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू) सुरुवात होते, ती नजरेच्या पातळीपासून व्हावी. वही आडवी धरून डोळ्यांसमोर वर-खाली करायची. जिथे तिचा वरचा आणि खालचा, दोन्ही पृष्ठभाग दिसेनासे होऊन नुसती कड उरते, ती आपली नजरेची पातळी, चित्रातले क्षितिजही तिथेच. रंकाळा तलावाच्या काठावर पलीकडच्या डोंगरांची कड म्हणजे क्षितिज, असे समजून मुले फसतात. डोंगर त्या पातळीच्या वर उठलेले असतात आणि पलीकडचा पाण्याचा काठ तिच्या जरासा खाली येतो. सपाट फूटपाथवर आपल्याच उंचीची माणसे जवळ असोत की लांब, सगळ्यांचे डोळे त्याच रेषेवर येतात, लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. एवढे कळले तरी गर्दीच्या चित्रातली तरंगती माणसे जमिनीवर येतात.

दोन लोपबिंदूंची, म्हणजे कोपरा आपल्याकडे असलेली पेटी काढताना दोन्ही बिंदू त्याच कागदात कोंबले जातात. मग पेटीचा पुढचा कोपरा भाल्यासारखा टोकदार होतो. पेटीची पुढची उभी कड पाच सेंटिमीटर असेल तर बिंदू दोन्हीकडे निदान वीस-वीस सेंटिमीटरवर हवेत. त्यासाठी कागदाच्या दोन्ही बाजूंना जुने कागद चिकटवावेत, बिंदूवर टाचणी टोचून तिला दोरा बांधावा आणि प्रत्येक रेषा दोरा ताणून तपासावी. वरून दिसणाऱ्या पेटीचा पुढचा खालचा कोन काटकोनापेक्षा लहान आला की बिंदू जवळ आले असे खुशाल समजावे.

रस्त्यावरचे विजेचे खांब अंदाजाने काढू नयेत. पहिला आणि दुसरा खांब काढून त्यांची टोके व पाये जोडणाऱ्या दोन रेषा लोपबिंदूकडे न्याव्यात. दुसऱ्या खांबाचा मध्य काढून पहिल्याच्या टोकापासून त्या मध्यातून तिरकी रेषा खाली आणावी. ती पायाच्या रेषेला जिथे मिळते तिथे तिसरा खांब. पुढचे सगळे असेच.

पालकांना एकच विनंती. क्लासमधून मूल घरी आले की 'आज कुठले चित्र काढलेस?' असे विचारू नका. महिनाभर ते नुसत्या रेषाच घेऊन येईल. त्या कागदांवर तारीख घालून ते जपून ठेवा, रद्दीत घालू नका.

आपला,
एक कलाशिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर