सोसायटी हॉलचा अलार्म: सोमवारपासून आपोआप

सर्व सभासदांना नमस्कार. सोमवारपासून हॉल व ऑफिसचा अलार्म रोज रात्री 10:30 ला आपोआप चालू होईल. आधी दहा मिनिटं पॅनल बीप करेल. आत कुणी असल्यास तेव्हाच आपला कोड दाबावा, वेळ अर्धा तास पुढे जाते. सकाळी दार उघडल्यावर कोडसाठी फक्त 30 सेकंद मिळतात. आधी चपला, मग पिशवी, मग चष्मा शोधणं, एवढ्यात सायरन वाजतो (परवा माझंच झालं, अख्खी बिल्डिंग जिन्यात!).

नवरात्रात कालिकेच्या यात्रेमुळे मुंबई नाक्यावरून परतायला उशीर होतो, शिवाय हॉलमध्ये गरबाही आहे. म्हणून ते नऊ दिवस वेळ 11:30.

वीज जाऊन आल्यावर पॅनलचं घड्याळ चुकलेलं दिसलं तर लगेच कळवा. घड्याळ चुकलं की टायमरही चुकतो.

कोड ग्रुपवर टाकू नये.

– सचिव